दुष्काळसदृश गावात

पाटोद्याला एसटीतून उतरले तेव्हा मी जाम खुशीत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी नुसती चिडलेलीच आहे. भाषाशास्त्राच्या एमएसाठी नवे शब्द गोळा करायचे होते, आणि माझी रूममेट सुनीता म्हणाली, आमच्या गावाला जा, दुष्काळात आमच्याकडे रोज नवा शब्द निघतो.

पहिला तर पुढे गावाकडे नेणाऱ्या जीपमध्येच सापडला. शेजारच्या बाई घाईत होत्या, आज त्यांची टँकरबारी होती (टँकरचं पाणी भरायची पाळी). एक शब्द बाहेरून उसना, एक इथला, दोन्ही जोडले की झाला सामासिक शब्द! त्या आनंदात माझा फाटा मागे गेला आणि सॅक घेऊन उलटं चालत यावं लागलं. दोन्ही बाजूंनी वाळलेली खुंटं, विहिरींच्या तळाला भेगा.

सुनीताची आई, कौसामावशी, तिने समोर हुलग्याचं माडगं ठेवलं (कुळथाच्या पिठाची कढत, पातळ पेज). लई भारी लागतं. दावणीला एकच गाय उरली होती, दुसरी आधीच बाजारात गेलेली. कडबा संपलेला, आणि चारा छावणी काही उघडत नव्हती. का, असं विचारलं.

"सरकार म्हनतंय दुष्काळ न्हाई. दुष्काळसदृश हाय."

सदृश म्हणजे सारखा. दुष्काळाच्या शेपटीला तो जोडला की नवा शब्द तयार, एवढंच आम्ही वर्गात शिकतो. त्या शेपटीमुळे गाय उपाशी राहते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या दूध संस्थेची सभा होती, मीही गेले. चेअरमनचा स्वतःचा ऊस हिरवागार. त्यांनी सांगितलं, डेअरीला दूध घालणं जो बंद करेल तो अक्रियाशील सभासद, त्याला संस्थेच्या निवडणुकीत मत नाही. 'अ' हा उपसर्ग, म्हणजे शब्दाच्या तोंडाला लागणारा तुकडा. मला तिथेच ओरडावंसं वाटलं: पुढून अ, मागून सदृश, आणि मधे मावशीची गाय!

मावशी उठली. "चेरमनसाहेब, छावणी न्हाई म्हनून गाय इकायची. गाय इकली की आमचं मत गेलं. मंग तुमाला पाडनार कोन?"

"मावशे, शब्द वरून आलाय," चेअरमन हसत म्हणाले. "मी काय घरी बनवलाय व्हय?"

पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे हसले. मग चहा आला, चांगला दाट दुधाचा. मी घेतला नाही.

बाजाराच्या दिवशी ती गायही गेली. मावशी रडली नाही. मोकळी दावण झाडून काढली आणि मला म्हणाली, गाय गेली ती गेली, मत मात्र त्या माणसाला फुकट खाऊ देणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी परतीची गाडी होती, पण मावशी किटली घेऊन डेअरीकडे निघाली म्हणून मीही मागोमाग गेले. रांगेत तिचा नंबर आला तशी तिने किटली टेबलावर ठेवली. दूध मोजणाऱ्या गणूने आत डोकावून पाहिलं.

"मावशे, रिकामी हाय की."

"रिकामी कशानं? दूधसदृश हाय. माप."

रांग हसली. गणू इकडंतिकडं बघायला लागला. मागे सहज बघत उभ्या असलेल्या पारूबाईची गाय तर कधीच विकली गेली होती. तिने घरी जाऊन स्वतःची किटली आणली आणि मावशीच्या किटलीशेजारी आपटली. "माझंबी माप." शेवटी गणूने माप रिकाम्या किटलीत बुडवलं आणि बाहेर काढलं.

एसटीत बसल्यापासून हे टाइप करतेय, बोटं थांबत नाहीत. नवा शब्द जन्मताना मी डोळ्यांनी बघितला, आणि तरी आनंद असा झालाच नाही, कारण त्यासाठी गोठा रिकामा व्हावा लागला. तो टिकेल की नाही, माहीत नाही. आत्ताच सुनीताचा फोन आला. आईचा निरोप होता: गाई विकलेल्या सगळ्याजणी उद्यापासून किटल्या घेऊन जाणार, रोज, मतदान होईपर्यंत.