बरं, ठेवते

१९ एप्रिल २०२१, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे, गॉलवे, आयर्लंड. नोंदवहीतल्या या ओळीपुढे फक्त एक आकडा आहे. तो कसा आला, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

वहीची कल्पना माझी नव्हती. आदल्या वर्षी, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाण्याची बंदी असताना, मी एका चेक संगीतकाराचे चरित्र वाचत होते. बाजारात, स्टेशनवर कुणी बोलू लागले की हा माणूस खिशातली वही काढायचा आणि त्या बोलण्याचे चढउतार स्वरलिपीत उतरवायचा. शेजारी तारीख, कधी वेळसुद्धा. त्याच्या ऑपेरांतली माणसे गातानाही बोलल्यासारखी वाटतात, ती या सवयीमुळे. मोठी कीर्ती साठी उलटल्यावरच आली, तरी वह्या भरत राहिल्या. मी वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मला त्यात संगीताआधी डेटा दिसला.

नाशिकला एकटी राहणारी आई रोज फोन संपवताना म्हणायची, ‘बरं, ठेवते.’ रोज तेच शब्द, तोच फोन. याहून शुद्ध नमुना कुठे मिळणार? मी तिला न सांगता ते दोन शब्द रेकॉर्ड करू लागले आणि त्यांची वारंवारता पेन्सिलने वहीत लिहू लागले. आजार आधी आवाजात दिसतो, हे दाखवून मला कंपनीत स्वतःचा प्रकल्प मिळवायचा होता. आठ महिने आकडा दोनशे दहा हर्ट्झच्या आसपास राहिला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो रोज थोडा घसरू लागला.

‘बरी आहेस ना?’

‘अगं, ठणठणीत. घसा जरा बसलाय. तुझं आपलं काहीतरी.’

त्याच आठवड्यात, अर्धवट राहिलेल्या त्या चरित्रातले पुढचे प्रकरण वाचले. त्याची विशीतली मुलगी मरणाला टेकली, तेव्हाही तो तिच्या उशाशी बसून लिहीत होता. तिचा शेवटचा सुस्काराही त्याने स्वरांत मांडला. मी पान उलटले.

एकोणीस तारखेला आई ‘ठेवते’ म्हणाली, पण फोन बंद झाला नाही. तो गादीवर तसाच पडला असावा. पंख्याची घरघर, आणि तिच्याखाली श्वास: उथळ, घाईचा, मध्येच अडणारा. तिला हाक मारायला हवी होती. शेजारच्या काकूंना फोन करायला हवा होता. मी घड्याळ लावले. पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजले. आकडा लिहिला, अधोरेखित केला, आणि मग काकूंना फोन केला.

आई वाचली. अठरा दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तिने फोन केला. आवाज खरखरीत, अनोळखी.

‘त्या दिवशी फोन चालूच होता ना गं?’

‘हो.’

‘मला तुझी पेन्सिल ऐकू येत होती. वाटलं, लिहून झालं की हाक मारशील.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि पुढचा शब्द न उच्चारता थांबून राहिली. पलीकडे पंखा फिरत होता. पेन्सिल माझ्या हातातच होती. ती मी टेबलावर ठेवली, जपून, आवाज होणार नाही अशी.

वहीत त्यानंतर काही नाही. शेवटचा आकडा तोच: मिनिटाला चौतीस.