फर्स्ट क्लास मेकॅनिकल आणि आयटीआय फिटर

मित्रहो, आज सकाळी सुनीताच्या बाबांनी मला विचारलं, "डिग्री झाली तरी काय होईल?" अन् तिथंच माझं सगळं संपलं.

तिसऱ्या वर्षी सरांशी भांडून मी मेकॅनिकल सोडलं, हे तुमाला ठाऊकच आहे. आज मुधोळला तिच्या घरी जाऊन म्हटलं, "काका, मी परत कॉलेजात जातो. दोन वर्षं सुनीताचं लग्न थांबवा, मग मीच करतो तिच्याशी."

काका म्हणाले, "माझा भाचा फर्स्ट क्लास मेकॅनिकल. हैदराबादला सिमकार्ड विकून राह्यला, खर्चाला घरूनच पैसे मागते. अन् तिला सांगून आलेला बेल्लमपल्लीचा पोरगा आयटीआय फिटर. कोळसा खाणीत पर्मनंट, वरून राहायला क्वार्टर. तूच सांग, पोरगी कुठं देऊ?"

मी तडकलो. "सुनीताला काऊन विचारत नाही?"

ती आतल्या दारातच उभी होती. "विचारलं बाबांनी. मीच हो म्हटलं. तू आधी डिग्री घेशील, मग नोकरी शोधशील. मी किती थांबू रे?"

डिग्री घेऊन नोकरी लागलेल्या एका तरी सीनियरचं नाव तिला सांगावं म्हटलं. एकही आठवेना. तुमाला आठवते का कोणी?

मी चप्पल घातली, बाहेर आलो अन् दार ओढून घेतलं.