तीळ-खोबऱ्याचा नंबर शेवटी

गोडा मसाला मी माझ्या आईच्या हाताखाली शिकले. त्यामुळे तो मला येतो, असं मी जन्मभर धरून चालले होते.

मागच्या उन्हाळ्यात सूनबाई म्हणाली, "आई, यंदा मला शिकवा. दर वर्षी तुम्ही नुसता डबा भरून हातात देता." सून इथलीच, चेन्नईची, तमिळ. मराठी तिने माझ्याकडूनच उचललं, म्हणून बोलायला लागली की माझ्यासारखीच थांबत नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी मनगटं आता साथ देत नाहीत, कढईपुढे फार वेळ उभं राहवत नाही. मसाला आता हिच्या हातात गेला नाही तर आमच्या घरची आमटी माझ्याबरोबरच जाणार, हे मला दिसत होतं.

मग वेलचेरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी बसलो. धने, तीळ, खोबरं, जिरं, एकेक वेगळं परतलं. दगडफूल तिला माहीत होतं, इथे ते कल्पासी म्हणून मिळतं. नागकेशर भावजयीने पुण्याहून पाठवलं होतं. मिक्सरवर थोडं थोडं करून काढलं, चाळलं, पुन्हा फिरवलं. वास असा सुटला की शेजारची बाई दार उघडून बघून गेली.

संध्याकाळी मुलगा सिरुसेरीहून ऑफिसातून आला, त्याला आमटी-भात वाढला. त्याने दोन घास खाल्ले.

"छान झालीये."

"पण काय?" मी म्हटलं. आईला कळतं हो.

"पण काही नाही."

"अरे बोल की."

"आपल्या घरची वाटत नाही, एवढंच."

सूनबाई म्हणाली, "लहानपणी भूक जास्त लागायची तुम्हाला." सगळे हसलो. खोबरं खवट असेल, धने जास्त परतले गेले असतील, म्हणून पंधरवड्याने पुन्हा केला. पुन्हा तेच. मसाला चोख होता, अगदी माझ्या आईच्या हातचा. मुलाने मात्र तो कधी खाल्लाच नव्हता. ते कसं, ते सांगते.

आम्ही लग्नानंतर मद्रासला आलो ते अड्यारच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. वरच्या मजल्यावर तंजावरकडचं मराठी कुटुंब होतं. त्या घरच्या बाईला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायला लागले. तिचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई पोथी वाचते आहे की बोलते आहे. मला तमिळ येत नव्हतं, आणि तीळ-खोबरं घातलेला मसाला दळून द्यायला एकही गिरणीवाला तयार नव्हता. तेल सुटतं, जातं चिकट होतं, पुढच्या गिऱ्हाइकाचं पीठ बिघडतं. खरंच होतं त्यांचं. शेवटी अक्काने तिच्या गिरणीच्या मालकाला गळ घातली. तो म्हणाला, आणा, पण तेलकट माल शेवटी, दुकान बंद करायच्या आधी.

ठरून गेलं मग. दर उन्हाळ्यात गच्चीवर दोघींचं वाळवण शेजारी शेजारी, आणि गिरणीत आधी तिची सांबारपोडी, म्हणजे सांबाराचा तिखट मसाला, शेवटी माझा मसाला. तिचं दळण निघालं की मालक गिरणीच्या तोंडाची कापडी नळी दोनदा झटकायचा, की लगेच माझं ओतायचा. त्या नळीत, जात्यात तिची पोडी उरलेली असायचीच. माझा काळसर मसाला पडायच्या आधी डब्यात लालसर भुकटी पडायची. ती बघून माझा जीव जळायचा.

"अक्का, माझ्या मसाल्याचा पार सत्यानाश होतो हो."

"कां गे? गोडा म्हणतेस ना त्यास? गोडाला मुंग्या लागतात. माझें तिखट लागलें तर लागणार नाहीत."

"मुंग्यांचं मी बघून घेईन. मूठभर तांदूळ घालून गिरणी साफ करायला सांगा त्याला."

"तांदूळ तुझ्या घरचा घालशील? सांग मग त्यास."

तांदूळ काही मी कधी नेले नाहीत. रेशनचे तांदूळ गिरणीत वाया घालवायचे म्हणजे जिवावर यायचं. घरी येऊन वरची लाल भुकटी चमच्याने काढायचे, उरलेलं हलवून टाकायचे. मुलं त्या आमटीवरच वाढली. सांबार मूळ आमचंच, मागून इथल्या लोकांनी घेतलं, असं अक्का छाती पुढे काढून सांगायची आणि दर शुक्रवारी वाटीभर खाली पाठवायची. मी खायचे, वाटी धुऊन, रिकामी नको म्हणून काहीतरी घालून परत करायचे. त्यात काय काय घालता, हे विचारायचं डोक्यात कधी आलंच नाही. मला वाटायचं, मिरच्या, धने, तुरीची डाळ, मेथी, मिरी, हिंग. पोडीत आणखी काय असणार?

क्वार्टर्स सुटली. मसाला मी पुढेही, ती गिरणी बंद पडेपर्यंत, शेवटच्या नंबरावरच दळून आणायचे, आधीची पोडी कुणाची का असेना. अक्का मुलीकडे गेली, आधी फोन असायचे, मग सणावारी, मग तेही नाही. ती गेल्याचं मला दोन महिन्यांनी तिसऱ्याकडून कळलं.

आणि मागच्या उन्हाळ्यात, दुसऱ्यांदा फसल्यावर, सूनबाईने एकदा सांबारपोडीच्या डब्यातला चमचा न पुसताच आमटीत बुडवून मुलाला वाढलं. मी ओरडणार होते. तेवढ्यात मुलाने घास घेऊन पानावरून मान वर केली. "आज जवळपास आहे," म्हणाला. मला उभ्या उभ्या गिरणीची ती कापडी नळी दिसली.

मग आम्ही दोघींनी चिमूट चिमूट घालून बघितलं. बाजारची पोडी, सूनबाईच्या माहेरची पोडी, जास्त, कमी. जवळपास, पण तीच नाही. अक्काच्या पोडीत काहीतरी होतं.

नंबर शोधून तिच्या मुलीला फोन लावला. ती माझ्याशी तमिळमध्येच बोलली, मराठी आता जिभेवर येत नाही म्हणाली. मी विचारलं, अम्मा पोडीत काय घालायची?

"काय माहीत, मामी. एक काहीतरी शेवटी तव्यावर काळं करून घालायची, एवढं आठवतं. आम्ही आता पाकीट आणतो. तुम्हीच तर गिरणीत तिच्या शेजारी असायचात."

असायचे की. डब्याला डबा लावून उभी असायचे. माझं सगळं लक्ष माझ्या डब्यात काय पडतंय याकडे.

यंदा सूनबाईने मसाला एकटीने केला, चांगला केला. फोडणीत ती चमचाभर गोडा घालते आणि वर चिमूटभर माहेरची पोडी. आमटीला तिची अशी चव यायला लागली आहे, नात तीच मागून घेते. मुलगाही जेवतो, दुसऱ्यांदा भात घेतो. जवळपास आहे की नाही, हे मात्र तो आता सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.