जिंकणाऱ्याला ओवाळताना

काल नात परभणीहून वजन उचलण्याच्या स्पर्धेतलं पदक घेऊन आली. तिला ओवाळायला निरांजन लावलं आणि जळत्या वातीच्या वासानं माझा हात थांबला.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बोरीत मी नवी सून होते. जत्रेत खळ्यावरचा गोल दगड जो खांद्यावर घेईल, त्याला आमच्या घरच्या सुनेनं ओवाळायचं, अशी रीत होती. त्या वर्षी गावातले पैलवान दगड गुडघ्यापर्यंत उचलून थकले. मग आमच्याच शेतावर राबणारा, बौद्धवाड्यातला किसन पुढे आला. याला काय जमणार म्हणून कोणी अडवलंही नाही. त्यानं दगड छातीशी धरला, दोनदा श्वास घेतला, खांद्यावर चढवला आणि मग खाली सोडला.

मी ताट घेऊन समोर गेले. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि मान वाकवली. मी बोट कुंकवात बुडवलं, पण ते वर जाईना. मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "शिवू नकू गं त्याला."

किसननं ते ऐकलं. हसत म्हणाला, "वैनी, दगडालाच लावा. लय दमलाय बिचारा."

लोक मोठ्यानं हसले. मीही हसले, आणि खाली बसून खरंच दगडाला कुंकू लावलं. यानं मला सोडवलं, असंच तेव्हा वाटलं. आता माझं ते हसणं आठवतं, आणि मी उठले तेव्हा अजून वाकलेलीच असलेली त्याची मान.