तात्यांचा राखणदार

ट्रामचा एक फाटा बंद झाला आणि दुमजली बसला वळायला जागा हवी म्हणून लालबागचा आमचा रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले, त्यांनी भिंतींवर चुन्याच्या रेघा ओढल्या. पहिली रेघ तात्या परुळेकरांच्या किराणा दुकानातून गेली. समोर आमच्या चाळीतल्या बकुळाबाईंचा ओटा शाबूत होता.

त्या ओट्यावर गिरणीतल्या माणसांच्या पंगती बसत. नवरा गेल्यावर बकुळाबाईंनी खानावळ घातली ती ओट्याच्या जिवावर. आतली खोली म्हणजे चूल, पाटा-वरवंटा आणि चार माणसांचे गुडघे.

थोड्याच दिवसांत तात्यांच्या दुकानाच्या कडेला देव निघाला. शेंदूर फासलेला काळा दगड, वर झेंडूची माळ. हा जुना राखणदार आहे, रस्ता खणताना वर आला, असं तात्या सांगू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांनी शहर आधीच तापलेलं, त्यात देवाला हात कोण लावणार. मोजणीवाल्यांनी रेघ पुसली आणि समोर सरकवली. ओटा एका सकाळीत गेला.

बकुळाबाईंनी तो दगड जवळून पाहिला. ट्रामच्या रुळांमध्ये बसवलेला, तासलेला चौकोनी दगड होता तो. एका अंगाला अजून डांबर. तसले दगड रस्त्याकडेला ढिगाने पडले होते. चाळीला वाटलं, बाई आता तात्यांचा उद्धार करणार. बाई मात्र अमावास्येला नारळ घेऊन देवाकडे गेल्या.

तळकोकणात राखणदाराला नुसता नमस्कार करून भागत नाही. नारळ ठेवून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी होकार भरायचा, आणि एकदा असा मान दिला की तो देव कोणाच्या सोयीने हलत नाही. तात्याही मालवणकडचेच. घाईत देव बसवताना एवढाच विचार त्यांनी केला नव्हता.

‘बा देवा म्हाराजा,’ बकुळाबाईंनी सुरू केलं, ‘ज्येच्या दारात तू उभो रवलंस, तेका तू कधी सोडू नको.’

‘व्हय म्हाराजा,’ चाळ म्हणाली. तात्यांनाही म्हणावं लागलं. गिऱ्हाइकं बघत होती.

पुढच्या अमावास्येला बुधाजी बुवांचं भजनी मंडळ आलं. बुवा बकुळाबाईंकडेच जेवणारे. मग मांडव आला, त्याचे खांब दुकानाच्या तोंडाशीच रोवले. मग चौथरा. त्यासाठी बकुळाबाईंनी मोडक्या ओट्याच्या फरश्या दिल्या आणि लोक म्हणाले, बाई मनाची मोठी. आता तांदूळ घ्यायचा तर चपला काढून चौथऱ्याला वळसा घालावा लागे. गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली. तात्यांनी कुरकुर केली की बकुळाबाई हात जोडून विचारत, देवाची अडचण होते का?

एका दुपारी तात्या खानावळीत आले. उंबऱ्याशीच उभे राहिले.

‘बकुळावैनी, पुरे झाला आता. तो दगड मीच हाडलेलो.’

‘माका म्हायत असान काय उपेग, तात्यानू? देवाफुडे सांगा. माणसांत सांगा.’

‘मगे तुमी थांबशात?’

‘सांगून तर बघा.’

पुढच्या गाऱ्हाण्याला तात्यांनी देवापुढे, सगळ्यांत सांगितलं. टोपी हातात, मान खाली. ढिगातून दगड उचलला, शेंदूर आपल्याच दुकानातला, बाईंचा ओटा त्यापायी गेला. कोणी अंगावर धावून गेलं नाही. मंडळी नुसती दगडाकडे पाहत राहिली. मग बुधाजी बुवा सावकाश म्हणाले, ‘हाडलास तेवा दगड असात. आता इतक्या लोकांचा गाऱ्हाणा ऐकल्यान तेना. आता तो देवच.’

माना डोलल्या. तात्यांनी बकुळाबाईंकडे पाहिलं. चाळीत बाईंचा शब्द चालत होता. ‘हलवा’ एवढं म्हटलं असतं तर दगड हलला असता. बाईंनी नारळ उचलला, शेंडी देवाकडे केली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

दिवाळीआधी तात्यांनी दुकानाच्या फळ्या लावल्या त्या कायमच्या. सामान हातगाडीवर चढत असताना बकुळाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत. ओटा काही परत आला नाही. त्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिखलं केलं, आलेल्या सगळ्यांना आग्रहाने वाढलं, आणि शेवटी स्वतः जेवायला बसल्या तेव्हा भात दोनदा घेतला.