नीयत विचारणारी खाला

खाला कोणाला नाव विचारत नसे. तिच्या अंगणात पहिल्यांदा आलेल्या मुलीला ती आधी पाणी द्यायची, मग समोर बसवून विचारायची, "तुयी नीयत काय?" मुलगी गोंधळायची. मग खाला हसायची. "तुयी नाही गं बाई, खेळातल्या मानसाची. नेक हाय का मतलबी? हुकूम पाळनारा हाय का मनमर्जीचा? पहिले ते सांग, मंग कहानी सुरू होते."

ती शकिलाची सख्खी मावशी. शकिला माझी शाळेतली मैत्रीण, म्हणून तिची खाला आम्हा सगळ्यांचीच खाला झाली. शिरपूरला आमच्या घरामागेच ती राहायची. नवरा शिलाईकामाला हैदराबादला गेलेला, आणि त्याची आई, दादीबी, सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. शकिला, सिंधू आणि मी, तिघीही मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. शिक्षण थांबलेलं, लग्न ठरायचं होतं, आणि तोवर आम्ही कुठे जावं हे कोणी सांगत नव्हतं. कुठे जाऊ नये तेवढं सगळे सांगत. दुपारी दादीबीचा डोळा लागला की खालाचं अंगण आमचं होई.

खेळ तिनं स्वतःच जुळवला होता. लहानपणी आसेगावला ती भावांबरोबर कवड्या खेळायची, त्यात पुढे गोष्ट घातली. एक किल्ला, भोवती जंगल, पलीकडे नदी, एवढं तिचं. बाकी आम्ही बोलू तसं घडायचं. शकिला चोर झाली, मतलबी आणि मनमर्जीचा. सिंधू वैदीण, नेक, पण कोणाचं न ऐकणारी. मी किल्ल्याच्या दारावरचा शिपाई, नेक आणि हुकमाचा ताबेदार. राजा, लांडगे, वाटेत भेटणारी म्हातारी, या सगळ्यांचे आवाज खाला काढायची, तेही दादीबी जागी होणार नाही इतक्या हळू. परवा माझ्या नातवानं पुण्याहून असाच एक परदेशी खेळ आणला, फाशांचा आणि पात्रांच्या स्वभावांचा. तो मला नियम समजावू लागला. मी म्हटलं, "राहू दे, मला येतो."

भिंत चढता येईल का, साप चावेल का, हे कवड्या ठरवत. नीयतीसाठी मात्र खालानं कधी कवड्या टाकू दिल्या नाहीत. एकदा शकिलाच्या चोराला जंगलात जखमी मुसाफिर सापडला. त्याला पाणी पाजावं की त्याचं घोडं घेऊन पळावं, तिला ठरवता येईना. तिनं कवड्या उचलल्या, तसा खालानं तिचा हात धरला. "हे कवड्यायले काहून विचारतं? घोडं तुले पाह्यजे, कवड्यायले नाही." शकिलानं घोडं घेतलं. खाला रागावली नाही. फक्त त्यानंतर त्या मुलखातल्या एकाही गावात चोराला कोणी दार उघडेना, आणि शकिला कितीतरी दुपारी चिडून बसली.

माझी पाळीही आली. दुश्मन येऊन राह्यला, दार लाव, असा राजाचा हुकूम आला. जंगलातून लोक किल्ल्याकडे पळत होते, त्यांत सिंधूची वैदीण होती. सिंधू माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "शिपायानं हुकूम पाळला. दार लावलं."

"बरं, लावलं," खाला म्हणाली. "आता बाहेरून आवाज येऊन राह्यले, ते आईक. सिंधे, हाक मार."

सिंधूनं शिपायाला हाक मारायची ती खरीच मला मारली, "कमे, दार उघड नं वं!" मला रडू फुटलं.

"खाला, शिपायाले नीयत बदलता येते का?"

"येते. फुकट नाही. वर्दी जाईन, किल्ल्यातलं घर जाईन, राजा वैरी होईन. चालते?"

मी दार उघडलं. त्यानंतर माझा शिपाई जंगलात उपाशी हिंडत राहिला, आणि खालानं त्याला जराही सवलत दिली नाही.

त्याच सुमारास घरी रिठदच्या आतेभावाशी माझं लग्न ठरत होतं. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. अकोल्याला नर्सचं शिक्षण मिळतं हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. मला तिकडे जायचं होतं, पण ते मी कोणाजवळ बोलले नव्हते, खालाजवळसुद्धा नाही.

अन् मग खालाचा नवरा आला. सोबत दुसरी बायको. खालानं दोघांना चहा केला, आंघोळीचं पाणी तापवलं, आपली खाट त्यांना दिली. थोडे दिवस राहून ते परत गेले. जाताना नवरा एवढंच म्हणाला, "अम्मीचं पाह्य."

ते गेल्यावर आम्ही जमलो. शकिला रागानं लाल झाली होती. "खाला, आज राजाले जहर देऊ." खाला हसली नाही. मी म्हटलं, "आज तू मानूस घे. कहानी आमी सांगतो." ती पहिल्यांदाच कबूल झाली.

"एक बाई हाय," ती म्हणाली, "किल्ल्यात राह्यते."

"नीयत काय तिची?" सिंधूनं सवयीनं विचारलं.

खाला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आतापावतर वाटे, नेक हाय. कोनाले उलटून बोलत नाही, हुकूम मोडत नाही. आता पाह्यतो तं तिले नुसतं भेव हाय. पोरीहो, नेकी अन् भेव दुरून सारकेच दिसतात."

त्या दिवशीची कहाणी तिथंच थांबली.

संध्याकाळी बाबा सायकल लावत असताना मी त्यांना म्हटलं, "मले रिठदले नाही जायाचं. अकोल्याले नर्सिंगले जायाचं हाय." आई कडाडली. बाबांनी सायकल पुसली, पुसलेली परत पुसली. "तुयी आत्या या घरी पाय ठेवनार नाही, समजते का?" मी मान हलवली. "मंग जाय," ते म्हणाले. आत्या खरंच पुन्हा आली नाही. आई कित्येक महिने माझ्याशी तुटक बोलायची.

निघायच्या दिवशी खालाकडे गेले. दादीबीला लकवा झाला होता आणि खाला तिला कुशीवर वळवत होती. "तूबी चाल नं आसेगावले, भावाकडे," मी म्हटलं. "हिले कोन उचलन?" ती म्हणाली. तिचे दोन्ही हात दादीबीखाली होते, म्हणून तिनं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं.

पुढचं शकिलानं सांगितलं. दादीबी गेल्यावर नवरा खालाला न्यायला आला. हैदराबादच्या घरात लहान लेकरं होती, कामाला माणूस हवं होतं. सामान बांधून झालं. गल्लीतले लोक दारात जमलेले असताना खाला म्हणाली, "मी नाही येत." नवरा ओरडला, मग विनवू लागला. ती आसेगावच्या रस्त्याला लागली.

नोकरी लागल्यावर मी तिला भेटायला गेले. भावाच्या घरी चुलीपासून ढोरांपर्यंत सगळं तिच्याच अंगावर होतं. वाळली होती. खेळाला ना जागा होती, ना मुली. मी चाचरत विचारलं, "इथं तरी बरं वाटतं का गं?"

"हेबी घर बंदच हाय, कमे," ती चहा ओतत म्हणाली. "पन इथं मी आलेली हाव. आनलेली नाही."

तेवढ्यात आतून भावजयीनं हाक मारली. खाला चहा तसाच ठेवून उठली. मी ओसरीवर बसून राहिले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मग सुपाचा, मग परत भांड्यांचा. तिच्या चहावर साय धरली. माझी एसटी यायची वेळ झाली, तेव्हा मी दाराशी जाऊन म्हटलं, "खाला, निघते."

"जाय, जाय," ती आतूनच म्हणाली, "गाडी चुकन." त्यानंतर आमची भेट झाली नाही.