हक्क कमी, म्हणजे किती?

वकिलाला शिकवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मी स्वतः वकील असूनच सांगतो. त्यातून रविवार. ट्रस्ट, मृत्युपत्रं आणि कुटुंबाची मिळकत या विषयावर आम्हा बडोद्याच्या वकिलांसाठी दिवसभराचा वर्ग होता, आणि मी गेलो तो, खोटं कशाला बोलू, सेव-उसळीसाठी. पहिल्या तासाला ट्रस्टवर बोलणारे गृहस्थ स्वतःच्याच आवाजावर इतके खूश होते, की माझ्या शेजारचा वकील बसल्या जागी घोरू लागला. मी त्याला उठवलं नाही.

दुसऱ्या तासाला एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या. बुटक्या, सुती साडीतल्या. माइक त्यांनी हातानंच बाजूला सारला. “आजे कायदो नथी भणवानो,” म्हणाल्या. आज कायदा शिकायचाच नाही! आणि फळ्यावर दोनच शब्द लिहिले: हक कमी.

हे शब्द म्हणजे आमचं पोटपाणी. वडील गेले की घरावर भावाबहिणींची नावं चढतात. पुढे बहीण भावासाठी आपला हिस्सा सोडून देते, त्या दस्ताला इकडे ‘हक कमीनो लेख’ म्हणतात. महाराष्ट्रात त्यालाच हक्कसोडपत्र हा सरळ शब्द आहे. पण आम्ही बडोद्याची मराठी माणसं घरात मराठी बोललो तरी कचेरीतले शब्द गुजरातीच वापरतो. त्यामुळे आमच्याकडेही बहीण ‘हक्क कमी करते’.

बाई म्हणाल्या, समोर तुमची आत्या बसली आहे असं समजा आणि तिला हे घरच्या भाषेत सांगा, कायद्याचा एकही शब्द न वापरता. सगळ्यांवरून नजर फिरवून त्यांनी नेमकं मलाच उभं केलं. मी ऐटीत म्हणालो, “आत्या, या सहीनं घरातला तुझा हक्क कमी होतो.”

बाईंना मराठी चांगली समजत होती. त्यांनी विचारलं, “केटलो कमी?”

किती कमी? सगळे हसले, मीही हसलो. मग तो शब्द मनात उलटसुलट करून पाहिला. आमटीत मीठ कमी आहे म्हणजे थोडं तरी आहे. रेशनकार्डातून नाव कमी झालं म्हणजे ते गेलंच. शब्द एकच. आणि आत्या त्यातला कुठला अर्थ घेणार? जो जिवाला बरा वाटेल तोच ना!

“सगळा,” मी पुटपुटलो.

“तो पछी फोईने एम ज कहो ने,” बाई म्हणाल्या. मग आत्याला तसंच सांगा की. सही करणारी तुमची अशील नसली तरी सांगा, कारण न समजता केलेली सही उद्या तुमच्याच अशिलाच्या विरुद्ध कोर्टात उभी राहते. एवढं बोलून त्या दुसऱ्याकडे वळल्या. जाडजाड पुस्तकांनी जे केलं नाही ते या बाईंनी दोन शब्दांत केलं होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, वकिलांचा काय नेम, महिनाभर चेष्टा केली असती.

दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे असाच एक लेख सहीला होता. दांडिया बाजारातलं दुमजली घर, खाली दुकान. भाऊ माझा अशील. त्याला वरचा मजला दुरुस्त करायला कर्ज हवं होतं, म्हणून घर एकट्याच्या नावावर करायचं होतं. बहीण त्याच्याहून मोठी, विधवा, छाणीला मुलाकडे राहणारी. भाऊ लहरीपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात आधीच येऊन बसला होता. जिना चढून ती आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आधी भावाच्या घरी जाणार होते, पण म्हटलं सही पहिली उरकू.” पेन तिनं घरूनच आणलं होतं.

मी लेख पुढे सरकवला, पण हात काढून घेतला नाही. “अक्का, यात काय लिहिलंय?”

“माझा हक्क कमी होतो.”

“किती?”

ती हसली. “होईल तेवढा. थोडासा राहतो ने? मला तेवढा बस. सुनेशी वाजलं तर चार दिवस येऊन पडता येईल एवढा राहिला की झालं.”

“अक्का, काही राहत नाही. सगळा जातो.”

भाऊ ताडकन म्हणाला, “वकीलसाहेब, तुम्ही माझे वकील की हिचे?”

“तुमचाच. पण सही त्यांची आहे.”

अक्कानं कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला आणि वाचू लागली. रडेल असं मला वाटलं, भांडेल असंही वाटलं. भावाला ते सोसवेना. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकला. “अगं अक्का, हे कागदापुरतं. सही केलीस तरी घर तुझंच आहे ने!”

अक्कानं मान वर केली. आवाज जरासुद्धा चढला नाही. “माझंच आहे ने? मग सही कशाला?”

भर कोर्टात मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद मी ऐकलेत, पण असा एकही नाही.

“कर्जाच्या कागदावर तुझ्याबरोबर सही करीन,” ती भावाला म्हणाली. “ह्याच्यावर नाही.” आणि पेनाला टोपण लावून ते पर्समध्ये ठेवलं.

भाऊ बिचारा वाईट नव्हता. त्यानं कपाळ चोळलं आणि म्हणाला, “चल, जेवायला तरी चल.” त्यांना सोडायला मी खाली रस्त्यापर्यंत गेलो. एरवी अशिलासाठी मी जिना उतरत नाही. भावानं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्यानं कुठे जायचं विचारलं. भाऊ सांगणार, तोच ती आत बसता बसता म्हणाली, “दांडिया बजार. मारे घेर.”

माझ्या घरी.